सिंगापूर : बॅग भरण्यापासून पहिल्या रात्रीपर्यंत

घाटमाथा

सिंगापुरात काय पाहायचं यावर धागे ढिगाने आहेत. इथे ते नको. निघण्याआधीचे चार-पाच दिवस आणि उतरल्यावरचे दहा-बारा तास, एवढंच बोलू. सोबत आई-बाबा आणि लहान मुलं आहेत असं धरून चालू, कारण एकट्याचं कसंही निभतं.

कागदांपासून सुरुवात करतो.

१. पासपोर्ट पोहोचण्याच्या दिवसापासून किमान ६ महिने वैध हवा. तिकिटावरचं नाव पासपोर्टावरच्या नावाशी जुळायला हवं. आपल्याकडे घोळ होतो तो इथे. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा आणि तिकीट काढणाऱ्याने आधार बघून तिकीट काढलेलं. आडनावाचा रकाना रिकामा आणि पूर्ण नाव एकाच ओळीत असे जुने पासपोर्टही बरेच आहेत. तिकीट काढायच्या आधी पासपोर्टाचं पहिलं पान समोर उघडून ठेवा, आठवणीवर विसंबू नका.

२. व्हिसा. भारतीय पासपोर्टावर आधीच काढावा लागतो, उतरल्यावर मिळत नाही. अर्ज अधिकृत व्हिसा एजंटामार्फत जातो. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, एजंटाची फी वेगळी, आणि नकार आला तरी शुल्क परत नाही. अर्ज प्रवासाआधी ३० दिवसांच्या आत करायचा. दोन महिने आधी जाऊन उपयोग नाही आणि शेवटच्या आठवड्यावरही ढकलू नका. फोटो ३५ × ४५ मिमी, पांढरी पार्श्वभूमी, गेल्या तीन महिन्यांतला. व्हिसा ई-मेलने येतो. दोन प्रती छापा. पासपोर्ट क्रमांकातला एकेक आकडा ताडून बघा.

३. एसजी अरायव्हल कार्ड. हे व्हिसापेक्षा वेगळं आहे आणि प्रत्येकाला लागतं, तान्ह्या बाळालाही. सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे आयसीएच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर भरायचं, फुकट. शोधयंत्रात वरच्या दोन-तीन दुव्यांवर पैसे मागणारी संकेतस्थळं दिसतात, ती सरकारी नाहीत.

बॅगांचं बोलायला खमंगताई आणि गोळीडबी येतीलच.

---

पासपोर्टपाकीट

अरायव्हल कार्डाबद्दल दोन गोष्टी जोडतो.

पोहोचण्याचा दिवस धरून ३ दिवस आधीपासून ते भरता येतं. १५ तारखेला उतरणार असाल तर १३ पासून. आता गंमत अशी की मुंबईहून रात्री साडेअकराला निघालेलं विमान तिथल्या घड्याळात सकाळी साडेसातच्या आसपास टेकतं. उड्डाण साधारण साडेपाच तासांचं, आणि सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. म्हणजे तिकिटावर १४ तारीख असली तरी उतरण्याची तारीख १५. कार्डात बरेच जण निघण्याची तारीख टाकून मोकळे होतात.

दुसरी गोष्ट ई-मेलची. तिथे पासपोर्टावर आता शिक्का मारत नाहीत. किती दिवस राहायची परवानगी आहे आणि शेवटची तारीख कोणती, हे सांगणारा ई-पास अरायव्हल कार्डात दिलेल्या ई-मेलवर येतो. एजंटाने कार्ड भरून दिलं की स्वतःचाच पत्ता टाकतो आणि पास त्याच्या पेटीत जाऊन बसतो. व्हिसा एजंटाकडून घ्या, कार्ड मात्र घरी बसून भरा. सगळ्या कुटुंबाचं एकत्र भरता येतं.

---

खमंग_भाजणी

आले. बॅगेतलं सगळ्यात धोकादायक काय, विचारा. चाकू नाही, खसखस!

सिंगापूरच्या केंद्रीय अमली पदार्थ विभागाने खसखस निषिद्ध मालात धरली आहे. ते अफूच्या बोंडातलंच बी, वरच्या सालीला मॉर्फिनचा अंश चिकटलेला असू शकतो. आपल्याला पुडीतली खसखस तेवढी आठवते, पण स्वयंपाकघरात ती कुठे कुठे दडलेली असते ते बघा :

- अनारसे. अख्खा एक भाग खसखशीने माखलेला.
- करंजीचं सारण
- डिंकाचे आणि आळिवाचे लाडू (घरोघरी वेगळे, करणाऱ्याला विचारा)
- गोडा मसाला, मालवणी मसाला, कांदा-लसूण मसाला. तिन्हींच्या बऱ्याच पाककृतींत भाजलेली खसखस असते आणि दळल्यावर कुणाला दिसत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी विशेष बघा, तेव्हाच डबे भरून दिले जातात. शेजारच्या काकूंनी "माझ्या लेकीला दे गं" म्हणून दिलेला डबा उघडून बघितल्याशिवाय घेऊ नये. दुबईलाही हाच नियम आहे.

दुसरं, सुकं खोबरं. खोबऱ्याची वाटी विमानात ज्वलनशील माल धरतात, तेलाचं प्रमाण जास्त म्हणून. क्ष-किरण यंत्रात गोल वाटी लगेच ओळखू येते आणि बॅग उघडायला लावतात. मग ती काढून टाका, बॅग परत बांधा, मागची रांग कपाळावर आठ्या घालून उभी. खोबरं नेऊच नका.

लोणचं, तूप, तेलकट चटणी चेक-इन बॅगेत, कारण हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठ्या डब्यातलं पातळ काही चालत नाही. तिखटाची, मसाल्याची पूड आणि मिरचीचं लोणचंही हातातल्या बॅगेत नको. तुपाचा डबा आडवा पडला तर झिरपतोच : झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, झाकणाभोवती चिकटपट्टी, मग दोन पिशव्या, आणि कपड्यांच्या मधोमध. आजोबांचा अडकित्ता चेक-इनमध्ये.

मांसाचं काहीही भारतातून न्यायचं नाही. खिमा, सुकं मटण, चिकनचं लोणचं, सगळं आलं त्यात.

---

कोकणकडा

तंबाखूचं लिहिलं नाहीत. चघळायच्या तंबाखूला तिथे बंदी आहे, म्हणजे गुटखा, पुडीतली तंबाखू सगळं घरी ठेवायचं. बाबांच्या सदऱ्याच्या खिशात चुन्याची डबी आणि अर्धी पुडी असतेच, धुवायला टाकताना चाचपतो तसं निघतानाही चाचपा. सिगारेटला करमुक्त सवलत नाही, एक पाकीट असलं तरी जाहीर करून कर भरायचा. ई-सिगारेट पूर्ण बंद. च्युइंगम नेऊ नका, मुलांच्या दप्तरात बघा.

---

मांडवीकाठ

आणि आमची फेणी?

---

कोकणकडा

@मांडवीकाठ, चालते की. फेणी स्पिरिट्समध्ये मोडते. वय १८ पूर्ण हवं, येण्याआधी ४८ तास किंवा जास्त सिंगापूरबाहेर असायला हवं, आणि मलेशियातून येत नसाल तर करमुक्त सवलत मिळते. सवलत एकूण २ लिटरची, त्यात स्पिरिट १ लिटर. बाटली सीलबंद, चेक-इनमध्ये, मोज्यात घालून. काजूची असेल तर वास लपत नाही, त्यामुळे बूच नीट बघा. :)

---

गोळीडबी

औषधं. रोजची, म्हणजे रक्तदाब, साखर, थायरॉईडची, स्वतःपुरती तीन महिन्यांपर्यंतची नेता येतात. पण काही औषधांना तिथल्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची (एचएसए) आधी मंजुरी लागते. घरातल्या डब्यात हमखास सापडणारी अशी तीन : कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, डायझेपामसारख्या गोळ्या, आणि झोपेच्या गोळ्या. मंजुरीचा अर्ज ऑनलाइन करायचा, किमान १० कामाचे दिवस आधी. खोकल्याच्या बाटलीबद्दल सल्ला एकच : कोडीन नसलेलं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि ती बाटली घरीच ठेवा.

पाकिटं कापून एकेक गोळी सुटी करून सोमवार-मंगळवारच्या डबीत भरून नेणारे बरेच असतात. घरी ठीक, सीमेवर नाही. पत्र्याची अखंड पट्टी न्या, तिच्यावर मूळ औषधाचं नाव असतं. आपल्या ब्रँडचं नाव तिथल्या अधिकाऱ्याला काही सांगत नाही. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आणि टाइप केलेली. हस्ताक्षरातली चिठ्ठी आपल्या औषधवाल्याशिवाय कुणाला लागत नाही.

इन्सुलिन हातातल्या बॅगेत. सामानाच्या कप्प्यात गोठण्याची भीती असते, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक वाटलं तरी कामाचं राहत नाही. निम्म्या गोळ्या हातात, निम्म्या चेक-इनमध्ये, म्हणजे एक बॅग मागे राहिली तरी अडत नाही.

वेळांचं गणित आधीच कागदावर मांडा. इथली सकाळी ८ ची गोळी म्हणजे तिथे साडेदहा. दिवसातून एकदाच्या बऱ्याचशा गोळ्यांना अडीच तासांनी फरक पडत नाही, पण इन्सुलिन आणि जेवणाशी बांधलेल्या गोळ्यांसाठी डॉक्टरांना विचारून ठेवा.

---

घाटमाथा

आता पैसे आणि कार्डं, कारण उतरल्यावर पहिली अडचण इथेच येते.

भारतीय बँकांच्या नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं, दोन्ही सोयी मुळात बंद असतात. रिझर्व्ह बँकेचा २०२० पासूनचा नियम. बँकेच्या ॲपमध्ये दोन वेगळी बटणं आहेत, दोन्ही सुरू करा. मर्यादाही तिथेच ठरवायची. निघायच्या आदल्या दिवशी जवळच्या दुकानात एकदा टॅप करून बघा. तिथे चाललं नाही तर परदेशातही चालणार नाही.

रोख : पाच दिवसांना दोघांत १००-१५० सिंगापूर डॉलर पुरे, त्यात १० च्या नोटा जास्त. हॉकर सेंटरमधले (एका छपराखालचे खाण्याचे ठेले) कित्येक ठेलेवाले परदेशी कार्ड घेत नाहीत. भारतीय रुपये माणशी २५,००० पर्यंतच बाहेर नेता येतात. परत आल्यावर टॅक्सीला लागतील तेवढेच ठेवा.

यंत्रावर किंवा दुकानात "रुपयांत की सिंगापूर डॉलरात?" असं विचारलं की डॉलर निवडायचे. रुपये निवडले तर दर त्यांचा लागतो, आणि तो आपल्या बँकेपेक्षा वाईट असतो. दुकानदार कधी न विचारता रुपये दाबतो, म्हणून सही करण्याआधी पावतीवरचं चलन बघा.

---

वायरमन

विजेचं सोपं आहे. तिथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे ट्रान्सफॉर्मर लागत नाही. भोक मात्र वेगळं : तीन चपट्या चौकोनी दांड्यांचा ब्रिटिश प्लग. चार ॲडॅप्टर नेण्यापेक्षा एक ॲडॅप्टर आणि घरचा छोटा चार सॉकेटचा बोर्ड न्या. एकाच भोकावर चौघांचे फोन लागतात. सॉकेटला बटण असतं, ते दाबायला विसरून "चार्जर बिघडला" म्हणू नका.

पॉवरबँक फक्त हातातल्या बॅगेत. मर्यादा १०० वॅट-तास. हिशोब : मिलिअँपिअर-तास गुणिले ३.७ भागिले १०००. २०,००० वाली ७४ वॅट-तास, चालते. ३०,००० वाली १११, म्हणजे ती विमान कंपनीला विचारूनच. वरचे आकडे पुसट झालेली जुनी पॉवरबँक काढून घेतात, ती नेऊ नका. विमानात तिच्यावरून फोन चार्ज करणं बऱ्याच कंपन्यांनी बंद केलंय, तेव्हा घरून पूर्ण चार्ज करून निघा.

---

बोरघाट_जाम

पुण्याहून मुंबई विमानतळाला निघणाऱ्यांसाठी : नकाशा साडेतीन तास दाखवतो, तो घाट मोकळा असताना. शुक्रवार संध्याकाळ, रविवार संध्याकाळ आणि पावसाळ्यातला कुठलाही दिवस, खोपोलीच्या अलीकडे-पलीकडे एक ट्रेलर आडवा झाला की दोन तास गेले. विमानाच्या तीन तास आधी टी२ वर (टर्मिनल २) हवे असाल तर विमानाच्या नऊ तास आधी घर सोडा. लवकर पोहोचून बसायला जागा आहे, उशिरा पोहोचून नाही. काउंटर साधारण उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतो आणि मग कुणाच्या ओळखीचा उपयोग नसतो.

नागपूर, कोल्हापूरकडून जोड-विमानाने येणार असाल तर आधी बघा ते कुठे उतरतं : टी१, टी२, की नवी मुंबई. तिन्हींची जोडणी सारखी नाही. दोन वेगळी तिकिटं असतील तर सामान स्वतः उचलून परत चेक-इन करायचं असतं, हे गृहीत धरून वेळ ठेवा.

---

पासपोर्टपाकीट

मुंबईकरांना आता भुयारी मेट्रोचं टी२ स्थानकही आहे, पण रात्रीच्या विमानाला मोठ्या बॅगांसह संध्याकाळच्या गर्दीत चढायचं का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

वारंवार परदेशी जाणाऱ्यांनी फास्ट ट्रॅक इमिग्रेशनचा अर्ज करून ठेवावा. भारतीय पासपोर्टधारकांना तो मोफत आहे आणि मुंबईत सुरू आहे. ऑनलाइन अर्ज, मग एकदा बोटांचे ठसे आणि फोटो. मंजुरीला वेळ लागतो, त्यामुळे या प्रवासासाठी नाही झालं तरी पुढच्याला होईल. डिजियात्राशी गल्लत नको, ती देशांतर्गत प्रवासासाठी आहे.

आई-बाबांना गुडघ्याचा त्रास असेल तर व्हीलचेअर तिकिटाबरोबरच नोंदवा, नाहीतर निदान ४८ तास आधी. काउंटरवर जाऊन मागितली तर मिळते, पण वाट बघावी लागते. सिंगापूरचा चांगी विमानतळ सरकत्या पट्ट्यांचा असला तरी अंतरं मोठी आहेत, तेव्हा "चालवेल की मला" म्हणणाऱ्या बाबांसाठीही नोंदवा. चालवलं तर रिकामी ढकला.

---

टेक्का_मार्केट

इथे राहतो, त्यामुळे उतरल्यापासूनचा भाग माझा.

इमिग्रेशन : बहुतेक परदेशी प्रवासी स्वयंचलित दारातून जातात. पासपोर्टाचं फोटोचं पान यंत्रावर ठेवा, दार उघडलं की आत उभे राहा, चेहरा आणि डोळे कॅमेऱ्याकडे, मग अंगठा. चष्मा-टोपी काढा. कष्टाची कामं केलेल्या किंवा वय झालेल्या माणसांचे ठसे पुसट असतात, यंत्र नाही म्हणालं तर घाबरायचं कारण नाही, कर्मचारी काउंटरवर पाठवतो. ६ वर्षांखालची मुलं असतील तर थेट माणूस बसलेल्या काउंटरकडे वळा. विचारलंच तर हॉटेलचं नाव आणि परतीची तारीख, एवढंच बोला.

बॅगा घेतल्यावर फोनची सोय. विमानतळाचं वायफाय फुकट आहे, त्यावर आधी घरी निरोप द्या आणि ई-पास आलाय का बघा. ई-सिम मुंबईतच घेऊन ठेवलं असेल तर इथे फक्त सुरू करायचं. साधं सिम पासपोर्ट दाखवून विमानतळावर मिळतं. भारतीय सिम काढून पाकिटात टाकू नका, बँकेचे ओटीपी त्यावर येतात. रोमिंग चालू, डेटा रोमिंग बंद, असं ठेवा.

शहरात जायला तीन वाटा.

मेट्रो, म्हणजे एमआरटी. स्थानक टर्मिनल २ आणि ३ च्या मध्ये. टर्मिनल १ वरून ज्वेल या विमानतळाला जोडलेल्या मॉलमधून चालत किंवा छोट्या स्कायट्रेनने, टर्मिनल ४ वरून शटल बसने. विमानतळाचा फाटा फक्त तानाह मेराहपर्यंत जातो, तिथे उतरून शहराकडची हिरवी मार्गिका पकडायची. रात्री अकरानंतर शहराच्या गाडीचा भरवसा नको.

टॅक्सी : रांगेत उभं राहायचं, मीटरवर चालते, घासाघीस नाही. मीटरच्या वर विमानतळाचा अधिभार, आणि मध्यरात्री १२ ते पहाटे ६ या वेळात ५० टक्के जास्त. चार माणसं बसतात. चौघे आणि चार मोठ्या बॅगा असतील तर मोठी गाडी मागा.

ॲपवरची गाडी : ॲप भारतातच उतरवून, नंबराची पडताळणी करून, कार्ड जोडून ठेवा. उतरल्यावर ओटीपीच्या मागे लागलात तर अर्धा तास तिथेच जातो.

---

चिमणीचं_घर

@टेक्का_मार्केट, मुलांच्या सीटचं राहिलं. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत चाइल्ड सीट किंवा बूस्टर लागतो. टॅक्सीला यातून सूट आहे, ॲपवरच्या खासगी गाडीला नाही. सीटचा पर्याय न निवडता गाडी बोलावली तर चालक दारातून परत जातो, आणि तो बरोबर असतो. मुलं असतील तर रस्त्यावरची टॅक्सीच सोपी. एमआरटीत मोठ्या माणसाबरोबरची ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीची मुलं फुकट.

---

नकाशाप्रेमी

लिटल इंडियात हॉटेल असेल तर आणखी सोपी वाट आहे. विमानतळानंतरचंच स्थानक एक्स्पो. तिथे निळी डाउनटाउन मार्गिका पकडा, ती थेट लिटल इंडियाला जाते. एकच बदल.

---

टेक्का_मार्केट

@नकाशाप्रेमी, जाते खरी, पण नकाशा नीट बघा. ती मार्गिका जालान बसारवरून खाली चायनाटाउन, बेफ्रंट असा शहराला वळसा घालून मग लिटल इंडियाला येते. सरळ पोहोचतो असं वाटून आठ-नऊ स्थानकं उगाच फिरता. एक्स्पोहून गेलातच तर जालान बसारला उतरा, तिथून लिटल इंडियाचा बराच भाग चालण्याच्या अंतरावर आहे. नाहीतर हिरव्या मार्गिकेने बुगिसला या, तिथे निळी पकडा, रोचोर आणि मग लिटल इंडिया, दोनच स्थानकं. मुस्तफा सेंटर या मोठ्या दुकानाजवळ हॉटेल असेल तर जांभळ्या मार्गिकेचं फॅरर पार्क जवळ.

---

नकाशाप्रेमी

बरोबर, वळशाकडे लक्षच गेलं नव्हतं. बुगिस.

---

घाटमाथा

तिकिटाचं थोडं. टॅप होणारं व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट फाटकावर चालतं, वेगळं तिकीट नको. परदेशी कार्डाला वापरलेल्या दर दिवशी ०.६० सिंगापूर डॉलर जास्त लागतात. माणशी एक कार्ड हवं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. आत जाताना जे टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवायचं. फोनवरचं कार्ड आणि हातातलं तेच कार्ड यंत्राला वेगवेगळी दिसतात, त्यामुळे आत फोन आणि बाहेर कार्ड असं केलं तर भाडं चुकीचं लागतं. पाकिटात तीन कार्डं ठेवून अख्खं पाकीट टेकवू नका, कुठलं लागलं कळत नाही. रुपे कार्ड फाटकावर चालेल असं धरू नका. आई-बाबांकडे टॅपवालं कार्ड नसेल तर स्थानकावर ईझी-लिंक कार्ड घ्या. कार्डाची किंमत परत मिळत नाही, आतली शिल्लक वापरता येते.

---

खमंग_भाजणी

हॉटेलची खोली दुपारी ३ ला मिळते आणि आपण सकाळी ९ ला दारात. मधल्या सहा तासांचं काय करायचं? आई-बाबा रात्रभर विमानात बसून आलेले असतात.

---

टेक्का_मार्केट

बॅगा हॉटेल ठेवून घेतं, पावती घ्या. लवकर खोली हवी असं आरक्षणाच्या वेळीच लिहून ठेवा, रिकामी असली तर देतात. वयस्कर माणसं असतील तर आदल्या रात्रीचं भाडं भरून टाकणं मला पटतं. एका रात्रीचे पैसे जातात, पण पुढचे दोन दिवस सुखाने जातात. तेवढं नको असेल तर हातातल्या बॅगेत प्रत्येकाचा एक जोड कपडे, टूथब्रश, चपला ठेवा. कपडे विमानतळावरच बदला, बाहेर पडताच घामाने भिजायला होतं. छत्री हाताशी हवी, इथे पाऊस बाराही महिने.

मग सकाळचं खाणं. सेरांगून रोडवर १९४७ पासूनचं कोमला विलास आहे, इडली-डोसा-कॉफी, त्यामुळे पहिल्या सकाळी आई-बाबांचं पोट बिथरत नाही. टेक्का सेंटरच्या तळमजल्यावर ठेले आहेत. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा धरलेली आहे, कचरा समजून उचलू नका. खाऊन झालं की ताट स्वतः नेऊन ठेवायचं, हा कायदा आहे. पहिल्यांदा ताकीद, नंतर दंड.

चहा मागताना शब्द महत्त्वाचे :
तेह : कंडेन्स्ड मिल्कचा गोड चहा.
तेह-ओ : दुधाविना, साखर असलेला.
तेह-ओ कोसोंग : दूध नाही, साखर नाही. मधुमेहींना हा.
तेह-सी : इव्हॅपोरेटेड मिल्कचा, साखरेसह. साखर नको तर तेह-सी कोसोंग.
तेह हालिया : आल्याचा. आई-बाबांना बहुधा हाच हवा असतो.

---

शुद्ध_शाकाहारी

"व्हेजिटेरियन" म्हटलं म्हणजे झालं असं नाही. इथल्या सांबलमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, बेलाचान असतो, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचं वाटण. नूडल्सवर भाजीच दिसते, पण रस्सा कोंबडीचा. ठेल्यावर तीन प्रश्न वेगवेगळे विचारा : मासे? कोळंबी? रस्सा कशाचा? चिनी बौद्ध पद्धतीच्या शाकाहारी ठेल्यांवर कांदा-लसूणही सहसा नसतो, चातुर्मास पाळणाऱ्यांना सोयीचं. तिथे दिसणारं "चिकन" किंवा "बदक" सोयाबीनचं आणि गव्हाच्या सत्त्वाचं असतं. ते समजावून सांगूनही काही आज्या हात लावत नाहीत, त्याला इलाज नाही.

बिल : मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असली की १० टक्के सेवा शुल्क आणि त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी. २० डॉलरचं ताट २३.९८ ला पडतं. वेगळी टिप नको. हॉकर सेंटरमध्ये लिहिलेली किंमत तीच अंतिम.

---

वायरमन

खोलीत शिरल्यावर : चावीचं कार्ड दाराजवळच्या खाचेत घातल्याशिवाय दिवे लागत नाहीत. एसी बहुधा फार थंड लावलेला असतो, आई-बाबांची शाल वर ठेवा. नळाचं पाणी थेट पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. संडासात जेट बऱ्याच हॉटेलांत नसतो. एक लिटरची रिकामी बाटली घरून आणा, अडचण मिटते. ड्युरियन फळ खोलीत आणू नका, हॉटेलवाले आणि एमआरटी दोघंही चालू देत नाहीत.

---

खमंग_भाजणी

पहिल्या रात्रीचं जेवण लवकर करा. आपले साडेआठ म्हणजे सिंगापूरचे अकरा, तोवर बरेच ठेले झाकलेले असतात. आई-बाबांना सातला भूक नसते, मग दहाला लागते आणि जवळपास काही उघडं नसतं. थेपले, मेतकूट, भाजक्या पोह्यांचा चिवडा एवढं बॅगेत असू द्या. चिवड्यात खसखस नाही ना, ते बघून.

---

चिमणीचं_घर

ताई, मग दिवाळीत मैत्रिणीकडे अनारसे न्यायचेच असतील तर?

---

खमंग_भाजणी

@चिमणीचं_घर, खसखशीच्या जागी पांढरे तीळ. पीठ थापताना तीळ खाली पसरा, त्यावर गोळा ठेवून बोटांनी थापा, आणि तीळ लागलेली बाजू वर ठेवून मंद आचेवर तळा, उलटू नका. तीळ लवकर लाल होतात, म्हणून तुपाचा ताव खसखशीच्या वेळी असतो त्यापेक्षा थोडा कमी. आणि डब्यावर इंग्रजीत लिहा : तांदूळ, गूळ, तूप, तीळ.